ज्वारीच्या चार गुंडाळ्या

“शहाऐंशी, त्र्याण्णव, नव्वद, एक्क्याण्णव.”

ढाकणे साहेबांनी माझी चिठ्ठी साऱ्या टेबलाला ऐकू जाईल अशी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“बी एकाच पोत्यातलं ना?”

“हो साहेब.”

“पाणी एकच, कागद एकच, खोली एकच?”

“हो साहेब.”

“मग आकडे चार काहून?”

बाजूच्या बायका माना खाली घालून रोपं चिवडत बसल्या.

कंपनी बियाण्याची होती. प्रत्येक मालातलं थोडं बी तपासायला लॅबमध्ये यायचं. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, अशा चार गुंडाळ्या उबदार खोलीत उभ्या ठेवायच्या. ज्वारी असली की दहाव्या दिवशी उघडायच्या आणि शंभरातली किती धड उगवली ते मोजून चिठ्ठीवर लिहायचं. हे मोजायचं काम आम्हा बायकांचं. बसून काम, पंख्याखाली. कागद उलगडला की आत ओळीनं कोवळी रोपं निजलेली असायची, पांढऱ्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या. नवऱ्याचं घर सोडून आल्यावर मला आवडलेली ती पहिली गोष्ट होती.

“मोजलंस का अंदाजानं लिहिलंस?”

“दोनदा मोजलं साहेब.”

“म्हणजे दोनदा चुकलीस. दहावीला गणितात काय झालं होतं?”

“नापास.”

“कितीदा?”

“दोनदा.”

टेबलावर हसू पसरलं. साहेबांनी शेजारची चिठ्ठी उचलली. “कौसाबाईचं बघ. नव्वद, नव्वद, एक्क्याण्णव, नव्वद. ह्याला मोजणं म्हणतात. उद्यापासून तू पॅकिंगला जा. कॉलेजचा कोर्स लावून दिलाय ना कंपनीनं? त्यात गणित पास होऊन दाखव, मग टेबलाचं बघू.”

पॅकिंग म्हणजे दिवसभर उभं राहून पिशव्या शिवायच्या, आणि बियाण्याला चोळलेलं गुलाबी औषध नाकातोंडात.

जेवणाच्या सुट्टीत कौसाबाईनं मला नळाजवळ गाठलं. कौसाबाई मिसाळ टेबलावर चौदा वर्षं होती. सगळ्यांना शिव्या द्यायची आणि सगळ्यांच्या डब्यात स्वतःची भाजी टाकायची.

“शशे, तू चारी गुंडाळ्या मोजतीस?”

“मग?”

“येडी का खुळी तू? पहिली खरी मोजायची. बाकीच्या तीन नुसत्या उघडून बघायच्या अन् पहिलीच्या आजूबाजूला लिहायचं. चारी मोजत बसलीस तर आकडे जुळतील का कधी?”

“पण खरं तर जुळायलाच पाहिजेत ना? बी एकच.”

“ते मला नको इचारू. मला साहेबाचा आवाज नको वाटतो, म्हणून मी जुळवते.”

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. साहेब म्हणाले ते मला पटलं होतं. दोनदा नापास झालेल्या बाईला कोणी म्हटलं की तुला मोजता येत नाही, तर ती काय म्हणणार? घरी जाऊन मी तांदळाचे दाणे ताटात मांडून मोजले. शंभर मोजले, पुन्हा मोजले, शंभरच भरले. तरी खात्री पटेना.

*

कोर्स होता बीज तंत्रज्ञानाचा, एका वर्षाचा. एका शिक्षण संस्थेनं जुन्या वसतिगृहाच्या चार खोल्यांवर कम्युनिटी कॉलेज अशी पाटी लावली होती. वर्गात आम्ही सतरा जणी, सगळ्या कंपनीच्या. पाच विषय कसेबसे निघायचे. सहावा गणित आणि संख्याशास्त्र. आदल्या वर्षी त्यात एकोणीस जणींपैकी दोघी पास झाल्या होत्या. शिकवणारे सर फळ्यावर सूत्र लिहायचे, आमच्याकडे पाठ करून उदाहरण सोडवायचे आणि घंटा झाली की हात झटकून निघून जायचे.

आमच्या वर्षी अंभोरे सर आले. देऊळगाव राजाहून एसटीनं यायचे. तिशीतला उंच, वाळका माणूस, शर्टाच्या बाह्या कायम खडूनं भरलेल्या. तासिका तत्त्वावर होते. जेवढे तास, तेवढे पैसे. आज आहेत, उद्या नाहीत. या देशात गणित शिकवायला असाच माणूस ठेवतात, ज्याला कधीही काढता येईल.

पहिले तीन शनिवार त्यांनीही सूत्रं लिहिली. चौथ्या शनिवारी खडू ठेवला आणि बाकावर आमच्याकडे तोंड करून बसले.

“तुम्हाला काही कळत नाहीये.”

“न्हाई,” कौसाबाई म्हणाली. “पण तुमी लई मन लावून शिकवता.”

ते हसले. “कामावर काय करता ते सांगा.”

कौसाबाईनं सांगितलं. गुंडाळ्या, दहावा दिवस, चिठ्ठी. आणि बोलण्याच्या भरात पहिली गुंडाळी खरी आणि बाकीच्या नजरेनं, तेही सांगून टाकलं. बायका खुसुखुसू हसल्या. सर हसले नाहीत.

“का?”

“आकडे जुळले न्हाईत तर साहेब वरडतो.”

“चारही मोजणारी कोणी आहे का इथं?”

कौसाबाईनं माझ्याकडे बोट केलं. “ही शशिकला वाहूळ. चारी मोजायची. म्हणून तर पॅकिंगला हाकलली.”

माझे कान तापले.

“किती आले होते आकडे, वाहूळबाई?”

मला ते पाठच होते. रोज पिशव्या शिवताना डोक्यात वाजायचे. मी सांगितले, त्याच दिवशीचे कौसाबाईचेही सांगितले. सरांनी माझे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले. ८६, ९३, ९०, ९१. मग बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत उभे राहिले. आपण घरच्या माणसाच्या फोटोकडे बघतो ना, तसं.

पुढच्या शनिवारी त्यांनी स्टीलचा डबा आणला. आत ज्वारी होती.

“हजार दाणे आहेत. घरी मोजून आणलेत. त्यातले शंभर लाल रंगवलेत. लाल म्हणजे न उगवलेले समजा. एकेकीनं यायचं, डबा हलवायचा, न बघता शंभर दाणे काढायचे, त्यात लाल किती ते सांगायचं आणि दाणे परत टाकायचे.”

“हे परीक्षेत येतं?” कोणीतरी विचारलं.

“नाही.”

पहिली कौसाबाई गेली. पटापटा मोजून म्हणाली, “अकरा.”

दुसरी म्हणाली, “अकरा.” तिसरी म्हणाली, “अकराच.” चौथी, “दहा.” पाचवी, “अकरा.”

सरांनी हात वर केला. “थांबा. तुम्ही खरंच मोजलेत?”

पाचवी साडीचा पदर चाळवत बसली. आमच्या अंगातच ते मुरलं होतं. साहेब तिथं नव्हता, पगार कापला जाणार नव्हता, तरी पहिलीनं सांगितलं ते बाकीच्यांनी सांगितलं.

“आता आकडा कोणी बोलायचा नाही,” सर म्हणाले. “चिठ्ठीवर लिहायचा आणि घडी घालून माझ्याकडे द्यायचा. कोणाचा कुठला, ते मला कळणार नाही.”

सतरा चिठ्ठ्या झाल्या. मग पुन्हा एक फेरी, पुन्हा एक. सरांनी बाक मागं सरकवले आणि चिठ्ठ्या उघडून फरशीवर मांडल्या. सातची एका रांगेत, आठची तिच्या शेजारी, नऊची, दहाची. मध्ये ढीग उंच होत गेला, कडेला उतरत गेला. आम्ही भोवती उभ्या. फरशीवर कागदाची टेकडी झाली होती.

“बया,” कौसाबाई म्हणाली, “अन् ती चवदावाली कोण हाय? तिला बी पॅकिंगला पाठवा.”

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. ती चिठ्ठी माझी नव्हती, पण मी तिच्याकडेच बघत होते. चौदा लाल म्हणजे शहाऐंशी उगवलेले.

तास संपल्यावर मी मागं थांबले.

“सर, म्हणजे माझं चुकलं नव्हतं?”

सर चिठ्ठ्या गोळा करत होते. “तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटतं ते नका विचारू. तुम्ही सांगा.”

“ढाकणे साहेब म्हणाले चुकलं, तुम्ही मानलं. मी म्हणेन बरोबर, तेही मानाल. मग फरक काय पडला? साहेब बदलला फक्त.” ते उभे राहिले. “फरक किती असणं साहजिक आणि किती असला की शंका घ्यायची, याचं गणित आहे. अवघड नाही. दोन शनिवार नाहीये मी, विद्यापीठाची ड्यूटी लागलीय. त्यानंतरच्या शनिवारी करू. मग तुम्हीच मला सांगा.”

मला राग आला. एवढा राग मला ढाकणे साहेबाचाही आला नव्हता. एक शब्द तर हवा होता. पायांना पॅकिंगच्या उभ्यानं सूज यायला लागली होती आणि हा माणूस मला पुढचा शनिवार दाखवत होता.

घरी जाताना एसटी स्टँडपर्यंत आम्ही सोबत चाललो. स्टँडवर त्यांनी दोन चहा सांगितले. चहा पिताना म्हणाले, “चारही मोजायला किती वेळ लागायचा?”

“पाऊण तास.”

“आणि बाकीच्यांना?”

“वीस मिनिटं.”

“मग तुम्ही का मोजायच्या?”

“रोपं असतात सर. उघडायचं आणि मोजायचं नाही म्हणजे कसं?”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांची गाडी लागली. असं माझ्याकडे कोणी बघितलेलं मला त्याआधी आठवत नव्हतं आणि त्यानंतरही आठवत नाही. त्यात वावगं काही नव्हतं. एक माणूस दुसऱ्या माणसाकडे बघतो तसंच ते होतं, फक्त माझ्या वाट्याला ते आलेलं नव्हतं.

*

त्या दोन आठवड्यांत लॅबमध्ये घोटाळा झाला. कोणी ठरवलं नव्हतं. टेकडीची गंमत म्हणून बायका चारही गुंडाळ्या मोजायला लागल्या. एकीचे आकडे सत्त्याऐंशी, चौऱ्याण्णव. दुसरीचे ब्याण्णव, पंच्याऐंशी. ढाकणे साहेबांच्या रजिस्टरात वर्षानुवर्षं गुळगुळीत आकडे होते, तिथं एकदम खाचखळगे आले. वरून विचारणा झाली. साहेबांनी चौकशी केली आणि कोणीतरी डब्याचं सांगितलं.

मला कॉलेजच्या ऑफिसात बोलावलं. प्राचार्य खेडेकर खुर्चीत, बाजूला ढाकणे साहेब. टेबलावर टाइप केलेला कागद.

“बसा वाहूळताई,” खेडेकर म्हणाले. कॉलेजच्या ऑफिसात आम्हाला ताई म्हणायची पद्धत होती. “गणिताचं कसं चाललंय?”

“चाललंय सर.”

“किती उदाहरणं झाली?”

“उदाहरणं नाही झाली.”

“तेच म्हणतो मी. मागच्या वर्षी दोन पास. यंदाही तसंच झालं तर कंपनी कोर्स बंद करील. बरोबर ना साहेब?”

“करावाच लागेल,” ढाकणे म्हणाले. आवाज गोड होता. “हिचं टेबल पण त्याच्यावरच आहे.”

खेडेकरांनी कागद पुढे सरकवला. “वाचून घ्या. जबरदस्ती नाही.”

मी वाचला. सर अभ्यासक्रमातली उदाहरणं सोडवून घेत नाहीत. सर वर्गात ज्वारीचे दाणे मोजायला लावतात. परीक्षेत न येणारा भाग शिकवतात. परीक्षेची आम्हाला चिंता वाटते. खाली सोळा जागा भरल्या होत्या. सगळ्यांत वर कौसाबाईची वाकडीतिकडी सही.

“यात काही खोटं आहे का?” खेडेकरांनी विचारलं.

नव्हतं. एकही वाक्य खोटं नव्हतं. असा कागद करायलासुद्धा डोकं लागतं.

“सरांचं काय होईल?”

“काही नाही हो. त्यांचे तास दुसऱ्यांना देऊ. नवे सर शनिवारपासून आयएमपी सांगतील. आठ प्रश्न देणार आहेत, त्यातले पाच येतातच. पाठ करा, पास व्हा. तुमच्या भल्याचंच आहे ना?”

ढाकणे साहेबांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून माझ्यासमोर धरलं.

मी सही केली. हात थरथरला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तो थरथरला नाही. पूर्ण नाव लिहिलं, खाली रेघ ओढली.

*

शनिवारी पोहोचले तर सतरापैकी बऱ्याच जणी व्हरांड्यात उभ्या. चार नंबरच्या खोलीत अंभोरे सर होते. महिना संपेपर्यंत त्यांचे तास वेळापत्रकात होते, म्हणून ते आले होते. तीन नंबरमध्ये नवे सर. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत नव्हती, प्लायवूड होतं. दोन्ही दारं उघडी. बायका कुठल्याच दारात शिरत नव्हत्या. वहीची पानं चाळत, पदर सारखा करत नुसत्या उभ्या.

मी चार नंबरच्या दारात गेले. आत फक्त सर. हातात खडू.

“या वाहूळबाई.”

“सर, त्या कागदावर मी पण सही केली.”

“वाचून केली?”

“हो.”

“खोटं होतं काही?”

“नाही.”

“मग ठीक आहे. बसा. आज ते फरकाचं करायचं आहे आपल्याला. चाळीस मिनिटं लागतील.”

शेजारच्या खोलीतून आवाज आला, “प्रश्न पहिला. लिहून घ्या. मध्य, मध्यक, बहुलक यांच्या व्याख्या.”

“सर, मला पास व्हायचंय.”

“माहीत आहे.”

“मला टेबलावर जायचंय. पाय बघा माझे.”

त्यांनी खरंच पायांकडे बघितलं. मग फळ्याकडे.

“तुम्ही नुसतं सांगा,” मी म्हणाले. “बरोबर का चूक. एवढं सांगितलं तरी मी बसते.”

खडू त्यांच्या बोटांत फिरत होता. ते सांगतील असं मला एक क्षण वाटलं. त्यांचे ओठ हललेसुद्धा.

“चाळीस मिनिटं,” ते म्हणाले. विनवल्यासारखं म्हणाले.

मी वळले. व्हरांड्यातून सरळ तीन नंबरमध्ये गेले आणि पुढच्या बाकावर वही उघडून बसले. माझ्या मागं बाकं सरकल्याचे, बांगड्यांचे आवाज झाले. नवे सर सांगत होते, मी लिहीत होते. अक्षर चांगलं येत होतं.

दुसरा प्रश्न चालू असताना प्लायवूडच्या पलीकडे खडू चालायला लागला. रिकाम्या खोलीत तो माणूस फळ्यावर लिहीत होता. टक टक, मग लांब रेघ, मग पुन्हा टक टक. बोलत काहीच नव्हता. मी आठही प्रश्न लिहून घेतले आणि सगळा वेळ मला तेवढंच ऐकू येत होतं.

तास सुटल्यावर मी चार नंबरमध्ये गेले. सर गेलेले. फळा वरपासून खालपर्यंत भरलेला. सगळ्यांत वर माझे चार आकडे. खाली वजाबाक्या, वर्ग, बेरीज, भागाकार, मुळाचं चिन्ह. आकडे आणि चिन्हं. शब्द एकही नाही.

“चल गं, रिक्षा निघाली,” कौसाबाई दारातून ओरडली.

“दोन मिनिटं.”

मी वहीच्या मागच्या पानावर सगळं उतरवलं, जसंच्या तसं. एक अक्षर कळलं नाही.

*

आठातले सहा प्रश्न आले. मला बहात्तर मार्क पडले. सतराच्या सतरा पास. शंभर टक्के निकाल, कॉलेजनं फाटकावर बॅनर लावला, त्यावर खेडेकरांचा फोटो. मी टेबलावर परत आले. पहिल्याच दिवशी चार गुंडाळ्या आल्या. पहिली मोजली, एक्क्याण्णव. बाकीच्या तीन उघडल्या, बघितल्या आणि लिहिलं, नव्वद, एक्क्याण्णव, एक्क्याण्णव. ढाकणे साहेब म्हणाले, “बघ, शिकलं की येतं.”

अकरा वर्षं मी तसंच लिहिलं.

पण ते वहीचं पान मला सुखानं झोपू देईना. भंगारवाल्याकडून अकरावीचं पुस्तक घेतलं, मग बारावीचं. रविवारी दुपारी दार लावून बसायची. कोणी शिकवायला नव्हतं. वर्गमूळ म्हणजे काय हे कळायला चार रविवार गेले. सरासरीतून वजा केल्यावर वर्ग का करायचा, तर नाहीतर वजा आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकतात, हे एका दुपारी भाकरी थापताना एकदम कळलं आणि भाकरी करपली. चार आकडे असताना भागाकार तीननं का, यावर मी दोन वर्षं अडकले. सरांनी एका वाक्यात सांगितलं असतं. चाळीस मिनिटांचा तो तास मला अकरा वर्षं पुरला.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी ते पान पुरतं सुटलं.

शंभरात नव्वद उगवणारं बी असलं तर शंभर शंभरच्या गुंडाळ्यांत आकडे नव्वदपासून साधारण तीननं इकडेतिकडे होणारच, बी एकाच पोत्यातलं असलं तरी. फळ्यावर तो तीन होता, खाली रेघ मारलेला. त्याच्या शेजारी माझ्या चार आकड्यांचं उत्तर होतं, दोन पूर्णांक चौऱ्याण्णव शतांश. त्यालाही रेघ. आणि सगळ्यांत खाली कौसाबाईचे नव्वद, नव्वद, एक्क्याण्णव, नव्वद. त्यांचं उत्तर अर्धा, खरं मोजलं तर सहसा येणार नाही इतकं कमी. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

पूर्ण टेबलावर एकटी मीच मोजत होते. रिकाम्या खोलीत तो माणूस तेच लिहीत होता आणि मी पलीकडे व्याख्या पाठ करत होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. पाटी नव्हती, तिथं आता मंगल कार्यालयाचं सामान ठेवतात. देऊळगाव राजाला जाऊन आले. कोणी म्हणालं, अंभोरे सरांनी शिकवणं सोडलं, पुण्याकडे कुठंतरी गोदामावर आहेत. एकानं नंबर दिला, तो बंद. स्टँडवर मी एक चहा घेतला. परतीची गाडी दीड तासानं होती. ज्या ज्या गाडीतून उंच माणूस उतरला, त्याच्याकडे मी बघत राहिले.

घरी आल्यावर कौसाबाईला फोन लावला. ती आता कामावर नाही, मुलाकडे असते. मी तिला सगळं सांगितलं. तीन, दोन पूर्णांक चौऱ्याण्णव, अर्धा. तिनं मधे मधे हूं म्हटलं.

“म्हंजी तू बरोबर मोजत व्हतीस.”

“हो.”

“अन् मास्तरला ते ठावं व्हतं.”

“हो.”

“मग बोलला काहून न्हाई मुडदा?”

“मी तिथं बसले असते तर मीच ते बोलले असते, म्हणून.”

तिच्याकडे टीव्ही चालू होता, तो तिनं बंद करायला लावला.

“शशे, एक सांगू का. त्या दिवशी आमी साऱ्या व्हरांड्यात काहून थांबलो व्हतो, ठावंय का तुला?”

“घाबरला होतात.”

“कशाला घाबरतंय? सही तर करून मोकळ्या झालो व्हतो. डब्याचा खेळ लई आवडला व्हता आमाला. फरजाना तर म्हणत व्हती, सरांकडंच बसू, मार्काचं बघू मागून. पण ठरंना. मग मीच म्हणलं, वाहुळाची येऊ द्या. तिला कळतंय. ती जिकडं जाईल तिकडं जाऊ.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तू मास्तरसंगं बोललीस, वळलीस अन् तरातरा तीन नंबरात जाऊन बसलीस. मग आमी पण आलो तुझ्या मागं.” तिकडे कोणीतरी तिला हाक मारली. “आले रे,” ती म्हणाली, आणि मग मला, “हायेस का?”

“आहे.”